सात फुटांची छत्री आणि पावणेतीन फुटांचा उजेड

छत्री उघडली ती थेट पंख्यात गेली. पंखा कण्हला, अडकला, भाच्याने धावत जाऊन बटण बंद केलं आणि त्या चंदेरी घुमटाखाली आम्ही दोघं वाकून एकमेकांकडे बघत राहिलो. पनवेलच्या उरण नाक्याजवळचा माझा स्टुडिओ दहा बाय चौदाचा. पासपोर्ट फोटोचं स्टूल, पांढरा पडदा, निळा पडदा, दोन म्हातारे लाइट, बाळांना बसवायची वेताची टोपली, असा संसार त्यात आधीच दाटीवाटीने बसलेला. त्यात आता ही सात फुटांची बया! घरात हत्ती आणल्यासारखं झालं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

आणली होती बोरा बाजारातून. फोर्टातल्या त्या गल्लीत मी गेली वीस-बावीस वर्षं जातोय, पण दरवेळी बॅटरी, कार्ड, एखादा ट्रिगर एवढंच घेऊन परत यायचं. मोठ्या छत्र्या कोपऱ्यात उभ्या दिसायच्या. त्या सिनेमावाल्यांच्या, जाहिरातवाल्यांच्या, आपल्या नाहीत, अशी मनाची समजूत घातलेली. या जानेवारीत दुकानदाराने सहज एक उघडून दाखवली आणि मी तिच्यासमोर उभा राहिलो. आतून सगळं रुपेरी, सोळा काड्या, मधोमध दांडा आणि त्या चांदीत माझंच तोंड सोळा ठिकाणी वेडंवाकडं झालेलं. किंमत पाच हजारांच्या आत. घरी विचारायचं भान राहिलं नाही. सीएसएमटीहून पनवेल लोकलमध्ये ते चार फुटी लांबोडकं खांद्याला लावून उभा होतो, तर एकाने विचारलं, "गळ आहे का हो? कुठल्या खाडीला जाता?" मी म्हटलं, "हो, उजेड पकडायचाय." तो माणूस मानखुर्दपर्यंत माझ्यापासून जरा लांबच उभा राहिला.

आता आमच्या धंद्यातली गोम सांगतो, म्हणजे हा वेडेपणा का ते कळेल. सावली कडक पडते की मऊ, हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. दिवा समोरच्या माणसाला केवढा दिसतो, यावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, पण तो 15 कोटी किलोमीटर लांब. त्यामुळे आपल्याला तो आभाळातली एक टिकली, आणि म्हणून दुपारी बारा वाजता नवरीच्या नाकाखाली मिशी काढल्यासारखी सावली. माझी छत्री सात फुटांवर ठेवली तर नवरीला ती जवळजवळ तेवढीच रुंद दिसते, समोरची अख्खी भिंत उजळल्यासारखी. सावलीला कड म्हणून राहत नाही. हिशेब करून बघितला तर गंमत वाटली. हीच छत्री सूर्यासारखी कडक करायची असेल तर माणसापासून 200 मीटरांहून लांब न्यावी लागेल, म्हणजे माणूस माझ्या दुकानात आणि छत्री पार नाक्याच्या पलीकडे. पावसाळ्यात पनवेलवर ढग उतरतात तेव्हा अख्खं आभाळ हीच एक छत्री होते, माणसांचे चेहरे काय सुंदर दिसतात! पण तेव्हा लग्नं नसतात. देवाने उजेड दिला आणि मुहूर्त काढून घेतला.

तर ठरलं. पंखा बंद, स्टूलवर भाचा, छत्री वर तिरकी, जुना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढून दांड्यावर उलटा बसवला, तोंड चांदीकडे. ट्रिगर दाबला. फोटो आला. मी बघितला, मोठा करून बघितला.

काही नाही. माझ्या जुन्या पांढऱ्या छत्रीत येतो तसाच. नाकाची सावली तिथेच, गालावर तोच चकाकता डाग. पोटात गोळा आला. पाच हजार! भाचा मात्र स्वतःची मुरमं शोधत फोटो आणखी मोठा करत होता आणि अचानक म्हणाला, "मामा, छत्री परातीएवढी आहे ना? मग माझ्या डोळ्यात ताटली का दिसतेय?"

बघितलं. बुबुळात उजेडाचा ठिपका होता, पण चिमुकला. भोवती काळोख. डोळा कधी खोटं बोलत नाही. समोर जे उजळलं असेल तेच त्यात उमटतं.

मग आम्ही एक उद्योग केला, जो मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. कॅमेरा स्टूलवर ठेवला, जिथे माणसाचं डोकं असतं तिथे, आणि तोंड छत्रीकडे केलं. फ्लॅश अगदी कमी, भिंगाचं छिद्र अगदी बारीक. छत्रीचाच फोटो! पडद्यावर जे दिसलं ते बघून मी स्टूलवर बसलो. मधोमध एक लख्ख गोल आणि त्याच्या चारी बाजूंना चांदी अशीच झोपलेली, अंधारी. टेप आणून त्या गोलाचं माप घेतलं, कुठल्या शिवणीपासून कुठल्या शिवणीपर्यंत ते फोटोत बघून. 33 इंच. माझ्या जुन्या छत्रीच्या खोक्यावर काय छापलंय? 33 इंच! म्हणजे मी सात फुटांची छत्री आणून तिच्या पोटात माझी जुनीच छत्री उघडून बसलो होतो. पावणेतीन फुटांचा उजेड, बाकी सगळी शोभा.

कारण साधं होतं. कॅमेऱ्यावरचा चपटा फ्लॅश उजेड समोर फेकतो, टॉर्चसारखा. बाजूला त्याला फारसं देता येत नाही. एवढं मोठं भांडं भरायचं तर उजेड कडेपर्यंत सांडला पाहिजे, चहूकडे. त्यासाठी उघडा बल्ब हवा. तसा फ्लॅश एका मित्राकडे होता, 200 वॉट-सेकंदांचा, ज्याचं डोकं काढून काचेची नागडी नळी बसवता येते. तो एका संध्याकाळपुरता मागून आणला. (मग तो आमच्याकडेच राहिला, पण ते मित्राने वाचू नये.)

भाचा बारावी सायन्सला. त्याला आता गणित सुचलं. म्हणाला, "मामा, ही पॅराबोला आहे ना? मग फोकस काढता येईल. अकरावीत केलंय." मराठीत याला अन्वस्त म्हणतात आणि फोकसला नाभी, हे मला पन्नाशी आल्यावर कळलं. किती नेमका शब्द आहे! नाभी. आम्ही छत्रीच्या तोंडावर एका काडीच्या टोकापासून समोरच्या काडीपर्यंत दोरा ताणला. तोंड भरलं 195 सेंटिमीटर. सात फूट नाहीच, कारण खोक्यावरचे सात फूट कापडाच्या बाकावरून मोजलेले. मग मधून दोऱ्यापर्यंत खोली, 40 सेंटिमीटर. भाच्याने पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर आकडेमोड केली: व्यासाचा वर्ग, भागिले खोलीची सोळापट. उत्तर आलं 59. म्हणजे कापडाच्या मध्यापासून 59 सेंटिमीटरवर, जवळजवळ दोन फुटांवर, त्या छत्रीची नाभी. तिथून निघालेला प्रत्येक किरण चांदीवर आपटून सरळ रेषेत, एकमेकांना समांतर बाहेर पडायचा. दांड्यावर पांढरी चिकटपट्टी लावून खूण केली. ती अजून आहे.

शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर सूर्याच्या उजेडावर स्वयंपाकासाठी वाफ करतात, तिथे अशाच 73 चकत्या बसवलेल्या आहेत. त्यांचं काम बरोबर उलटं. सूर्याचे समांतर किरण येतात आणि एका जागी गोळा होतात. आम्ही गोळा झालेला उजेड देतो आणि समांतर करून घेतो. भात शिजवायचा की नवरीचा फोटो काढायचा, भूमिती एकच!

आता खरी मजा. रात्री साडेदहाला इमारतीच्या गच्चीवर गेलो, समोर वीस फुटांवर पाण्याच्या टाकीची पांढरी भिंत. उघड्या बल्बचा फ्लॅश खुणेवर बसवला. फाट्! भिंतीवर छत्रीएवढाच एक उजेडाचा गोल, आपला ऐसपैस बसलेला. फ्लॅश दांड्यावर वीतभर आत सरकवला, कापडाकडे. फाट्! गोल पसरला, मऊ झाला, अख्खी टाकी न्हाली. परत बाहेर. फाट्! गोल आवळला. एकच दिवा, एकच छत्री, आणि मी दांड्यावर वीतभर मागे-पुढे करून उजेड ताणतोय आणि सैल सोडतोय, हार्मोनियमच्या भात्यासारखा! खालच्या मजल्यावरचे काका वर आले, त्यांना वाटलं वीज चमकतेय. त्यांनाच भिंतीपुढे उभं केलं. लुंगीतले काका असे दिसले की त्यांनी तो फोटो दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना पाठवून दिला.

मीटरवर मोजलं तर माझ्या पांढऱ्या छत्रीपेक्षा आमच्या मापात सव्वा ते दीड स्टॉप जास्त उजेड पोचत होता, त्याच ताकदीत. यातली एक बाब दुकानात कुणी सांगत नाही. पांढऱ्या कापडाची 'पॅराबोलिक' छत्री घेऊन त्या आकाराचा फायदा जवळजवळ शून्य. पांढरं कापड येईल तो उजेड चहूकडे उधळतं, त्याला अन्वस्त काय आणि ताट काय. आकार कामाला येतो तो चांदीत. आणि चांदीतही खरा अन्वस्त कुठला, दोन काड्यांमधलं कापड सपाटच ताणलं जातं. आठ काड्यांच्या छत्रीत ते जास्त सपाट, सोळांत कमी. म्हणून सोळा.

फेब्रुवारीत विचुंब्याला एक हळद होती. आगरी घरातली हळद म्हणजे मांडवभर माणूस, डीजे, जांभळे-हिरवे फिरते लाइट, आणि त्यात सगळ्यांचा एकत्र फोटो हवाच. बावीस वर्षं या फोटोने माझी झोप उडवली आहे. पहिली रांग माझ्या फ्लॅशपासून 8 फुटांवर, शेवटची 14 फुटांवर. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे मागच्यांना पुढच्यांच्या एक तृतीयांश. पुढे बसलेली करवली भुतासारखी पांढरी आणि मागे उभे असलेले मामा काळोखात. नंतर फोन येतात, "आमचे भावजी दिसतच नाहीत." भावजी नाराज झाले की पैसेही अडकतात.

त्या रात्री छत्री उंच चढवली आणि मागे, खूप मागे नेली, पहिल्या रांगेपासून 16 फूट. भाचा स्टँड धरून. आणि मी? मी छत्रीच्या पुढे, तिच्याकडे पाठ करून उभा. भाचा ओरडला, "मामा, तुमची सावली पडेल!" मलाही तसंच वाटत होतं. दाबून बघितलं. सावलीच नाही! छत्री एवढी मोठी की माझ्या अंगाच्या वरून, दोन्ही बाजूंनी उजेड वळसा घालून जातो; मी म्हणजे परातीपुढे उभी केलेली वाटी. 42 माणसं, तीन रांगा. पुढची करवली माणसात आणि मागचे भावजी उजेडात. शेवटच्या रांगेला पहिल्या रांगेच्या निम्म्याहून जास्त उजेड मिळत होता, आणि तेवढा फरक डोळ्याला खटकत नाही. मी त्या मांडवात, डीजेच्या आवाजात, एकटाच ओरडलो. कुणाला काही ऐकू गेलं नाही.

मग धवलारीण दिसली. लग्नात धवले गाणारी म्हातारी, नऊवारी, नाकात नथ, कपाळाला हळद, खुर्चीवर टेकून बसलेली. छत्रीकडे एकदा बघितलं, एकदा वर मांडवाकडे आणि म्हणाली, "एवरी मोठी छत्री कशाला रं? पाऊस त नाय." सगळ्या बायका हसल्या, ती हसली, आणि मी दाबलं.

तो फोटो माझ्या दुकानात लावलाय. या आणि जवळून बघा. चेहऱ्यावरची एक सुरकुती गेलेली नाही, पण एकही खुपत नाही. प्रत्येक रेघेला एक उजळ काठ आहे आणि एक सावलीचा उतार. हळदीचा कण न् कण वेगळा. नथीच्या मोत्यावर चमक आहे, ती पांढरी छत्री कधी देत नव्हती. आणि डोळ्यात बघा. बुबुळात अख्खी छत्री, सोळा पाकळ्यांचं चाक, कडेला किंचित मंद. आणि त्या चाकाच्या मधोमध एक काळं बुटकं माणूस, कॅमेरा डोळ्याला लावलेलं. तो मी. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' हे पुस्तक मी अनेकदा चाळलंय, त्यातल्या माणसांच्या डोळ्यांत बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. आता कुठलाही फोटो समोर आला की आधी डोळे बघतो, फोटोवाल्याने काय लावलं होतं त्याची चोरी तिथे पकडता येते.

लगेच सगळं जमलं असं समजू नका. चष्म्यात ही छत्री वैरीण आहे. एका आजोबांच्या साठाव्या वाढदिवसाला... चुकलो, लग्नाच्या साठाव्या वाढदिवसाला, आजोबांच्या दोन्ही काचांत दोन चंदेरी चकत्या, आजोबा डिश अँटेना लावून बसल्यासारखे. लहान छत्री जरा बाजूला घेतली की काचेतून जाते, ही जाता जात नाही. उंच चढवावी लागते, आजोबांना हनुवटी खाली घ्यायला सांगावं लागतं आणि आजोबांनी ऐकावं लागतं. शिवाय लहान खोलीत उजेड भिंतींवरून परत येतो. माझी एक भिंत पिस्ता रंगाची होती. महिनाभर गिऱ्हाइकांचे गाल कावीळ झाल्यासारखे का येतात ते कळेना. भिंत आता पांढरी आहे.

आणि वारा. एप्रिलच्या संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठावर प्री-वेडिंगचं काम होतं. भर उन्हात 200 वॉट-सेकंदांची छत्री सूर्यापुढे काहीच नाही, तिथे शहाणपणा करू नये. पण सूर्य बुडायला टेकला, आभाळ जांभळट झालं आणि मी त्या आभाळाइतकाच उजेड त्या दोघांवर ठेवला, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे आलं ते बघून मुलीची आई म्हणाली, "हे खरंच आपलं पनवेल आहे?" तेवढ्यात पश्चिमेकडून झुळूक आली. झुळूकच, वादळ नव्हे. छत्रीचं तोंड जवळजवळ तीन चौरस मीटर, म्हणजे होडीचं शीडच. ताशी 18-20 किलोमीटरच्या वाऱ्याचा तिच्यावर सहा-सात किलोचा धक्का बसतो, आणि तोही आठ फूट उंचीवर. स्टँड डुलला, मी धावलो, भाचा आडवा पडला. फ्लॅश त्याच्या पोटावर आपटला म्हणून वाचला. छत्री तलावाच्या कठड्याला लागली. एक काडी वाकली. मुलगा-मुलगी मात्र इतकी मनापासून हसत होती की भाच्याने पडल्या पडल्या, दुसऱ्या कॅमेऱ्याने, नुसत्या आभाळाच्या उजेडात काढलेला फोटोच त्यांनी पत्रिकेवर छापला.

त्या रात्री मला खोडद आठवलं. नारायणगावजवळची ती रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. मागे घरच्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा त्या जाळीदार का, असं मुलीने विचारलं होतं आणि मी काहीतरी ठोकून दिलं होतं. आता कळलं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रा न लावता दोरखंडांवर तारेची बारीक जाळी ताणून तो अन्वस्त उभा केला, वारा आरपार जावा म्हणून; वाऱ्याचं ओझं कमी झालं, सांगाडा हलका झाला, खर्च खाली आला. रेडिओच्या लाटा लांब, त्यांना जाळीतली भोकं दिसतच नाहीत. माझ्या उजेडाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान, ती भोकातून पळून जाईल. त्यामुळे जाळीची छत्री मला मिळणार नाही. मला आपली स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवीच ठेवायची.

वाकलेली काडी तारेने बांधली आहे, फोटोत ती जागा ओळखू येत नाही. पनवेल, कामोठे, खांदा कॉलनीतल्या कुणा फोटोवाल्याला ही छत्री आपल्या हाताने उघडून बघायची असेल तर रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी सातनंतर या. नाभीची खूण दांड्यावर केलेली आहे, उघड्या बल्बचा फ्लॅश देईन, चहा पाजीन, एखाद्या कामाला न्यायची असली तरी न्या. फक्त येताना दहा किलो वाळूची पिशवी आपापली घेऊन या, आणि आत आल्या आल्या पंखा बंद करा.